नावाच्या जागी

‘शिवदास, जेवलास का?’

मोबाईलच्या पडद्यावर एवढं एकच वाक्य सरकलं आणि विझलं. पाठवणाऱ्याचं नाव होतं शकुमावशी. मी मान वर करून स्वयंपाकघराकडे पाहिलं. शकुमावशी, म्हणजे शकु, म्हणजे माझी बायको, ओट्याशी पाठमोरी उभी राहून भात वाफेला ठेवत होती. तिचा फोन फ्रिजच्या डोक्यावर चार्जिंगला लावलेला होता आणि तिचे दोन्ही हात ओले होते. या बोरिवलीच्या घरात, आणि त्याआधी लालबागच्या खोलीत, इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझं नाव माझ्यासमोर एकदाही तोंडातून काढलेलं नाही. ती मालवणकडची, माझेही वाडवडील तिकडचेच. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं आणि माझ्या आईनं त्यावर शिक्का मारला होता. मी ‘अहो’ होतो, हाक ऐकू आली नाही तर ‘आयकलात काय?’ होतो, पाहुण्यांसमोर ‘हे’ होतो. बँकेत साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं की ती मला कोपरानं ढोसायची आणि माझं नाव मीच सांगायचो. आणि आता ते नाव असं उघड्यावर, वर एकेरीत ‘जेवलास’. छातीत काहीतरी गरम झालं. पहिल्या क्षणी तो आनंदच होता, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या क्षणी लक्षात आलं की हा मेल याच घटकेला हजारो लोकांच्या खिशात वाजला असणार आणि प्रत्येकाला त्याच्या त्याच्या नावानं हाक गेली असणार. नितेश, जेवलास का? तेजल, जेवलीस का? मी मात्र अजून जेवलो नव्हतो. भात व्हायचा होता.

सगळं सुरू झालं ते कोकणी वस्तूंच्या प्रदर्शनात. आमच्या घराजवळच्या मैदानावर दरवर्षी भरतं ते. शकु तिच्या मावसबहिणीच्या स्टॉलवर मसाला विकायला बसली होती आणि एका मुलीनं तिला विचारलं, खोबरं मायक्रोवेव्हमध्ये भाजलं तर चालेल का? शकुनं तिला आपादमस्तक पाहिलं. “बाय माझे, खोबरा भाजूक आळस केलंस तर चव खयसून येतली? बाजारातसून?” आजूबाजूचे हसले. त्यांच्यात एक पोरगा होता, कोरलेली दाढी, पाठीवर सॅक. त्यानं ते मोबाईलवर टिपलं. तो विशाल. मालाडला ‘परसदार’ नावाची मसाल्यांची कंपनी आहे, तिथं लोकांना कंपनीच्या नादी लावायचं काम त्याच्याकडे. तो याला नातं जोडणं म्हणतो. पुढच्या आठवड्यात तो मिठाईचा पुडा घेऊन घरी आला, माझ्या पाया पडला, आणि शकुच्या पडला तेव्हा जरा जास्त वाकला. “काका, कंपनीचा मेल कोण उघडतं सांगा? सरळ कचऱ्यात. पण मावशीचा मेल आला ना, माणूस उघडतोच. झकास आवाज आहे मावशींचा, यार.” मला यार म्हणाला. त्या वेळी मला वाटलं होतं, जाऊ दे, बाईमाणूस घरात बसून कंटाळते, चार लोकांत जाईल. कंपनीच्या स्टॉलवर त्यांच्याकडे कामाला असलेली श्रुतिका लोकांचे ईमेल पत्ते मागत होती आणि कोणी देत नव्हतं. तिची पंचाईत नको म्हणून पहिला पत्ता मी दिला. माझ्याच हातानं.

विशाल मग नेमानं यायला लागला. आमच्या जेवणाच्या टेबलावर मोबाईल उलटा ठेवायचा आणि शकुला म्हणायचा, सांगा मावशी. एवढंच. आणि शकु सांगायची. मी बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून चित्रं बघत बसायचो, कान आत. तिला एवढं बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे लग्नानंतर पहिली काही वर्षं ती बोलायची, झोपेत असल्यासारखी भराभरा, गावच्या विहिरीबद्दल, शाळेतल्या बाईंबद्दल. पण मी मुलुंडच्या औषधाच्या कारखान्यात, पॅकिंगला, पाळ्या फिरत्या. मी घरी यायचो तेव्हा ती निघालेली असायची पाण्याला, ती यायची तेव्हा मी पांघरुणात. हळूहळू आमचं बोलणं गॅस, लाईट बिल आणि मिठाच्या आसपास स्थिरावलं. मीठ बरोबर आहे? आहे. कमी वाटतं. नाही, बरोबर आहे. मला हे वाईट वाटत नव्हतं. दोन माणसं मुरली की असंच होतं, असा माझा समज. आणि आत त्या टेबलावर ती खळखळून हसत होती, आणि विशाल म्हणत होता, “काय सांगता मावशी! मग? मग पुढे?” मी कधी ‘मग पुढे’ म्हणालो होतो का ते आठवायला लागलो. काही आठवलं नाही, म्हणून विशालचाच राग आला.

त्यानंतर तो बोंबलाचा मेल आला. वर शकुचा फोटो, नाकात नथ, जी तिनं माझ्यासमोर लग्नानंतर कधी घातली नाही. खाली गोष्ट. नवी नवरी होते तेव्हाची, पहिला श्रावण. सासरी श्रावण कडक, मासळीचा वास चालायचा नाही. मला माहेर इतकं आठवायचं की शेजारच्या वनमालावहिनींच्या स्टोव्हवर मी सुका बोंबील भाजून घ्यायचे, कागदात गुंडाळून चाळीच्या गच्चीच्या जिन्यावर जाऊन खायचे आणि रडायचे. मग लिंबाची फोड हाताला चोळायचे, घरात कळू नये म्हणून. ‘बाळांनो, तुम्ही कोणी लपून खाऊ नका. मावशीकडे मागा.’ आणि त्याखाली केशरी चौकोन, बोंबील चटणी मागवण्यासाठी इथे दाबा. मी गॅलरीत उभा राहून ते वाचलं. लिंबाचा तो वास माझ्याकडे होता. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात संध्याकाळी मी घरी आलो की ती पाण्याचा पेला पुढे करायची आणि तिच्या बोटांना लिंबाचा वास यायचा. कारखान्यात दिवसभर औषधाच्या कडवट भुकटीत वावरून आलेल्या माझ्या नाकाला तो वास म्हणजे माझं लग्न झालंय याचा पुरावा वाटायचा. मी तो इतकी वर्षं जपून ठेवला होता, कोणाला न सांगता, तिलाही नाही. तो बोंबील लपवायचा होता हे मला चटणीच्या जाहिरातीत कळलं. तेही एकट्याला नाही. कंपनीच्या पानावर तीच गोष्ट होती आणि तिच्याखाली लोकांनी लाल बदाम टाकले होते. नाशिकच्या कोणा अंबादासनं लिहिलं होतं, ‘मावशी, जिन्यावर आम्ही असतो तर तुम्हाला रडू दिलं नसतं.’ तू कोण रे? तू कुठे होतास? मी होतो त्या घरात. त्या जिन्यापासून दोन मजले खाली मी चहा पीत होतो.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, “बोंबलाचं मला कधी बोलली नाहीस.”

ती लसूण सोलत होती. “त्यात काय बोलूचा? इचारल्यान, सांगितलंय.”

“मी विचारायला पाहिजे होतं?”

“तुम्ही खय इचारणार? तुमका काय ठाऊक, मी बोंबील खाल्लंय ता.” ती हसली, लसणाचं टरफल फुंकरीनं उडवलं आणि विषय तिच्यापुरता संपला. तिचं काही चुकलं नव्हतं हे मला समजत होतं. समजून काय करायचं? मत्सर ही गोष्ट समजुतीनं हलत नाही. माणूस म्हातारा होतो, केस जातात, गुडघे जातात, आणि हे आत तसंच ताजं राहतं. पूर्वी मला कोणाचा मत्सर वाटायचा ते सांगितलं तर लोक हसतील. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांचा. त्या दिवशी शकु उखाण्यात माझं नाव घ्यायची आणि त्या दिवशी आम्हा पुरुषांना घराबाहेर काढलेलं असायचं. एका संक्रांतीला मी जिन्यात चप्पल शोधण्याचं निमित्त करून उभा राहिलो. आतून तिचा आवाज आला, पहिली ओळ आली, दुसरी सुरू झाली आणि नेमक्या नावाच्या जागी बायका एकदम हसल्या. लग्नातही तसंच. घास भरवताना तिनं नाव घेतलं म्हणतात, पण बँड वाजत होता. म्हणजे माझं नाव तिच्या तोंडून कसं येतं हे गल्लीतल्या यच्चयावत बायकांना माहीत आहे, मला नाही.

तर त्या दुपारी, भात व्हायची वाट बघत, मी त्या मेलला उत्तर लिहिलं. ‘नाही जेवलो.’ पाठवलं. शकुनं कुकरची शिटी उचलून पाहिली. माझा फोन वाजला. ‘असं कसं चालेल रे बाळा? उपाशी राहायचं नाही. मावशीला काळजी वाटते.’ मी तिच्या पाठीकडे बघत होतो. ती आमटीत कोकम टाकत होती. “शकु,” मी म्हटलं, “तुला माझी काळजी वाटते का गं?” ती वळली, माझ्याकडे नीट पाहिलं. “बी.पी.ची गोळी घेतलात काय?”

चतुर्थीच्या आधी त्यांनी मार्व्याच्या खाडीपलीकडे एक बंगला घेतला होता शूटिंगसाठी. मी म्हटलं मी पण येतो, तुझी बॅग धरायला. बॅगेत एक शाल आणि पाण्याची बाटली होती. मालाडहून मार्वे, मार्व्याहून तरीच्या होडीतून पलीकडे. तरीत सुकटीचा वास होता आणि शकु वाऱ्याकडे तोंड करून उभी होती. बंगल्यात त्यांनी एक स्वयंपाकघर उभं केलं होतं, शेणानं सारवल्यासारखी रंगवलेली जमीन, चूल, शिंकाळं, कोनाड्यात दिवा. शकुच्या माहेरी असं काही नव्हतं, तिच्या वडिलांनी तेव्हाच गॅस घेतला होता. पण नऊवारी नेसून ती चुलीपुढे बसली आणि मला क्षणभर वाटलं, मीच चुकीच्या घरी राहतोय. मला कोणी ओळखत नव्हतं. “मावशींचे मिस्टर आहेत,” असं श्रुतिकानं दिवेवाल्याला सांगितलं आणि मला प्लास्टिकची खुर्ची दिली.

ही श्रुतिका चुणचुणीत पोरगी. तिला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, हे मेलला उत्तर कोण देतं? “मीच की काका! कधी मी, कधी मशीन, मी फक्त बघते नंतर. तुमचं नाव असतं ना रोज यादीत वर, मला माहितीय.” ती मनापासून खूश झाली. “तुम्ही सगळे मेल उघडता. सगळे! पण घेत काहीच नाही.”

“घरात मसाल्याची मावशीच आहे. घेऊ कशाला?”

“ते मशीनला काय माहीत? उघडतात पण घेत नाहीत, अशा लोकांना आम्ही जरा जास्त लाडात घेतो. म्हणून तुम्हाला ‘जेवलास का’ आलं. काही लोकांना ‘नवीन मसाला आला’ एवढंच गेलं. नावानं हाक मारलेला मेल जास्त उघडला लोकांनी. म्हणून तर आता नावं रेकॉर्ड करायची आहेत.”

माझं वेड त्या मशीनला शकुच्या आधी कळलं होतं.

नावांचा प्रकार असा होता. चवथीला प्रत्येक गिऱ्हाइकाला मेलमधून शकुचा आवाज जाणार, सुरुवातीला त्याचं नाव, पुढे सगळ्यांना सारख्या शुभेच्छा. त्यासाठी शकुनं सगळी नावं एकेक करून म्हणायची, मग मशीन ती ज्याची त्याला जोडणार. आतल्या खोलीच्या खिडक्यांना गाद्या लावल्या होत्या. काचेपलीकडे शकु, समोर माईक. अलीकडे विशाल, आणि त्याच्यामागे मी, कानाला जादाचे हेडफोन. “मावशी, समोर ते पोर उभंय असं समजा,” विशाल म्हणाला. “खूप दिवसांनी आलंय घरी.” आणि शकुनं सुरुवात केली. नुसती नावं. “अंबादास.” तोच तो नाशिकचा असणार. हेडफोनमध्ये तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता, नावाच्या आधी घेतलेला. “चैतन्य.” “तेजल.” “नितेश.” प्रत्येक नाव वेगळं यायचं, कोणाला दटावल्यासारखं, कोणाच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं. कोण कुठला नितेश, त्याला काय माहीत त्याला काय मिळतंय. मी खुर्चीचा दांडा धरून बसलो होतो. नावं अक्षरानं पुढे सरकत होती आणि माझं अक्षर फार लांब नव्हतं. मला ते ऐकायचं होतं. आयुष्यात तेवढं एक ऐकायचं राहिलं होतं. आणि त्याच वेळी वाटत होतं, हिनं ते इथे म्हणू नये. मला दिलं नाही ते या पोराला देऊ नये, माईकला देऊ नये, मसाल्याच्या पुडीबरोबर देऊ नये. तिनं म्हटलं असतं तर मी उठून समुद्राकडे चालत गेलो असतो, आणि म्हटलं नसतं तर तहानलेलाच राहिलो असतो.

“शिल्पा,” शकु म्हणाली. मग थांबली.

“मावशी, पुढचं. शिवदास.”

ती पाणी प्यायली. पदर सारखा केला. “ह्या नको. फुडचा सांग.”

“अहो मावशी, बरेच शिवदास आहेत आपल्याकडे. जुनी गिऱ्हाइकं आहेत.”

“आसतीत. माका जमाचा नाय.”

विशालला काही कळेना. श्रुतिकानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. ती त्याच्या कानात काहीतरी बोलली. तोही हसला, सावरला, आणि कामाचा माणूस असल्यामुळे लगेच वाट काढली. “मग उखाण्यात घ्या ना! एकदम भारी होईल. आपण फक्त नाव कापून घेऊ.”

शकुचा आवाज हेडफोनमधून थेट माझ्या डोक्यात आला. “उखाणो हळदीकुंकवाक घेतत रे. मसालो विकूक नाय.”

मी आयुष्यात इतका श्रीमंत कधी नव्हतो. यादीत माझ्याआधी आलेल्या प्रत्येकाचं नाव तिनं घेतलं होतं, चैतन्य-नितेश-अंबादास सगळ्यांचं, आणि माझ्याशी येऊन थांबली होती. विशालनं केसांतून हात फिरवला. “ठीक आहे मावशी. पण जागा रिकामी नाही ठेवता येत, मशीन अडकतं. काहीतरी म्हणा. काहीही.” शकुनं काचेकडे पाहिलं. आमच्या बाजूला अंधार होता, मी तिला दिसत होतो की नाही मला माहीत नाही. तिनं श्वास घेतला, तोच नावाआधीचा, आणि म्हणाली, “अहो.”

येताना तरीत मी तिची बॅग मांडीवर घेऊन बसलो. ती म्हणाली पाय दुखतायत. मार्व्याला उतरल्यावर मी तिला शहाळं घेऊन दिलं आणि ती म्हणाली, “आज काय झाला तुमका?” मी म्हटलं, काही नाही. पुढचे कितीतरी दिवस मी सोसायटीत छाती काढून फिरलो. अण्णा सावंतांनी विचारलं, काय रे, मुलाला प्रमोशन का? मी म्हटलं तसंच काहीसं.

यंदा चवथीला आम्ही गावी गेलो नाही. कंपनीचे दिवस धावपळीचे म्हणून गणपती पुतण्यावर सोपवला. शकु सकाळपासून मोदकांच्या मागे होती. माझा फोन वाजला. मेल उघडला, गोल बटण दाबलं, आणि फोन कानाशी लावला. “अहो,” शकु म्हणाली. “शकुमावशी बोलतंय. चवथीच्या खूप शुभेच्छा. मोदक फुटलो तर फुटू दे, पोटात गेल्यार सगळे सारखे.” मी पुन्हा दाबलं. फक्त पहिला शब्द ऐकला आणि बंद केलं. पुन्हा दाबलं. मग, माझी सवय वाईट, कंपनीच्या पानावर लोकांनी काय लिहिलंय ते बघायला गेलो. लोक खुशीत होते, ‘माझं नाव घेतलं’, ‘माझ्या मुलीचं घेतलं’, ‘मावशी ग्रेट’. आणि त्यात एक होता, घाटकोपरचा. शिवदास. आडनाव वेगळं. त्यानं लिहिलं होतं, ‘मावशी, सगळ्यांना नावानं हाक मारलीत, मला अहो म्हणालात. का ते माहीत नाही. प्रेमा जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मला अहो म्हणणारं कोणी नव्हतं. सकाळपासून ऐकतोय.’

खाली लोकांनी हात जोडले होते. मी ते पुन्हा वाचलं. या माणसाबद्दल मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, नाही असं नाही. मी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला, त्याची खोली, उलटा ठेवलेला एकच कप, कानाशी धरलेला फोन. पण त्या सगळ्याखालून ते जुनं, ताजं वर येत होतं. माझ्या ‘अहो’मधला श्वाससुद्धा त्याच्याकडे गेला होता. आणि कुर्ल्याच्या शिवदासकडे, आणि कोल्हापूरच्या. मी तो परत मागू शकत नव्हतो. घाटकोपरच्या शिवदासकडून तर मागायची माझी हिंमतच नव्हती. त्याच्याकडे एवढंच होतं.

“अहो,” स्वयंपाकघरातून शकुनं हाक मारली. “नारळ फोडून द्या.”

तोच सूर. अगदी तोच, मशीनमधला. मी खुर्चीत बसून राहिलो. फोन उलटा करून टेबलावर ठेवला. ओ दिली नाही. आत खवणीचा आवाज थांबला. भांडं सरकलं. तिनं कान दिला असावा, मी कुठे आहे म्हणून. मी श्वास रोखून वाट बघत होतो, जिन्यात चप्पल शोधणाऱ्या माणसासारखा, फक्त या वेळी मध्ये हसायला कोणी नव्हतं.

“आयकलात काय?” ती म्हणाली.

मी ओ दिली आणि नारळ फोडायला उठलो.